वाचक विचारतात : वैमानिकाच्या हातातली दांडी

प्रश्न : नागपूरला विमानातून उतरताना कॉकपिटचे दार उघडे दिसले. वैमानिकांच्या पुढ्यात हँडल नव्हतेच. दोघांच्याही बाहेरच्या बाजूला वीतभर दांडी तेवढी होती. एवढ्याशा दांडीने एवढे धूड कसे वळते? आणि दोघांनी ती परस्परविरुद्ध दिशांना वळवली तर काय होते?
– एक शिक्षक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : ते विमान बहुधा एअरबस ए३२० किंवा त्याच घराण्यातले असावे. या दांडीला साइडस्टिक म्हणतात आणि ए३२० विमान तिच्यासह १९८८ साली प्रवासी सेवेत आले. जुन्या विमानांत हँडलपासून पंख व शेपटीपर्यंत पोलादी तारा जात आणि त्या ओढायला ताकद लागे, म्हणून दोन्ही हातांनी धरता येईल असे हँडल असे. ए३२० मध्ये दांडीची हालचाल विजेच्या संकेताच्या रूपाने संगणकांकडे जाते, आणि त्यांच्या आज्ञेनुसार पंख व शेपटीवरचे हलते भाग हायड्रॉलिक (म्हणजे नळ्यांतल्या द्रवाच्या) दाबाने हलतात. वैमानिकाच्या हाताला जाणवतो तो केवळ स्प्रिंगचा विरोध. हँडल गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत पुढे ओढून घेण्याचे टेबल आहे, आणि जेवणाचा ट्रे मांडीवर घ्यावा लागत नाही, हेही वैमानिकांच्या दृष्टीने काही थोडेथोडके सुख नव्हे.

खरी मेख आपल्या दुसऱ्या प्रश्नात आहे. ए३२० च्या दोन्ही दांड्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. एक हलली तरी दुसरी जागची ढळत नाही. दोघांनी एकाच वेळी हालचाल केली तर संगणक दोन्हींची बेरीज करतो, म्हणजे एकाने पूर्ण डावीकडे आणि दुसऱ्याने पूर्ण उजवीकडे दांडी नेल्यास विमान कोणाचेच ऐकत नाही. अशा वेळी ‘ड्युअल इनपुट’ अशी ध्वनिसूचना मिळते, समोर हिरवे दिवे लुकलुकतात, आणि दांडीवरचे लाल बटण दाबून धरणाऱ्याकडे पूर्ण ताबा जातो. एवढी तजवीज असूनही, शेजारच्याचा हात काय करतो आहे हे आपल्या हाताला न कळणे ही या रचनेची उणीव आहे, असे माझे मत आहे. १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानाच्या तपासातही हा मुद्दा चर्चिला गेला होता. बोइंगने ७७७ विमानात विजेच्या संकेतांची पद्धत स्वीकारली, पण एकमेकांबरोबर हलणारी दोन हँडले कायम ठेवली. गल्फस्ट्रीम जी५०० या छोट्या जेटमध्ये तर साइडस्टिक असूनही दोन्ही दांड्या एकत्र हलतात. तेव्हा दोष दांडीच्या आकाराचा नसून जोडणीचा आहे.

प्रश्न : संगणकावरील सिम्युलेटरमध्ये (विमान उडवण्याच्या आभासी सरावात) ए३२० उडवताना जॉयस्टिक सोडली तरी विमान कललेलेच राहते. शिवाय अलीकडे हात न लावताही ते डावीकडे जाते. जॉयस्टिक बिघडली आहे काय? आमच्या घराशेजारी जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना) आहे.
– एक विद्यार्थिनी, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : पहिली गोष्ट बिघाड नव्हे. ए३२० मध्ये दांडी डावी-उजवीकडे नेणे म्हणजे किती वेगाने कलायचे हे सांगणे होय. दांडी सोडली की कलणे थांबते आणि ३३ अंशांपर्यंतचा कल तसाच टिकतो. त्याहून अधिक असल्यास विमान स्वतःहून ३३ अंशांवर येते. सरळ व्हायचे तर दांडी उलट बाजूला न्यावी लागते.

दुसरी गोष्ट मात्र जॉयस्टिकची आहे. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे पूर्वी रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला जो भाग असे तोच; त्याच्या घासणाऱ्या पट्टीवर धूळ किंवा कापसाचे बारीक तंतू बसले की दांडी मध्यावर असूनही संकेत मध्यावर राहत नाही. आधी संगणकात कॅलिब्रेशन करावे, म्हणजे दांडीचा मध्य व टोके संगणकाला नव्याने ओळखवून द्यावीत, मग सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये थोडा डेड झोन (मध्याजवळची दुर्लक्षित हालचाल) ठेवावा, आणि तरीही फरक न पडल्यास खोलून कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा फवारा) मारावा. नवी घेणार असाल तर हॉल सेन्सरची घ्या. त्यात चुंबकाने मोजणी होते, घासणारे काही नसते. वापर नसताना वर फडके टाकून ठेवावे.

प्रश्न : वैमानिक व्हायची इच्छा आहे. घरी सरावासाठी हँडल घ्यावे की जॉयस्टिक?
– एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : जे विमान उडवायचे त्याचे नियंत्रण पाहून ठरवावे. आपल्याजवळच्या बिरसी येथील प्रशिक्षण संस्थेत वापरले जाणारे डायमंड डीए४० हे विमान दोन्ही पायांच्या मधून वर येणाऱ्या दांडीने चालते, त्यामुळे त्यासाठी जॉयस्टिक पुरेशी आहे. सेसना १७२, बोइंग ७३७ किंवा अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर येणारे एटीआर ७२ यांना मात्र हँडल असते. एम्ब्राएर या ब्राझीलच्या कंपनीच्या प्रवासी जेट विमानांचे हँडल तर इंग्रजी एम अक्षरासारखे असते. कॉन्कॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानाचेही काहीसे तसेच होते. हँडल महाग पडते आणि ते पक्के बसवायला टेबलही मजबूत लागते. पैसे मोजकेच असतील तर मूठ पिळून रडर (विमानात पायांच्या पेडलने हलणारा शेपटीवरचा उभा भाग) फिरवता येणारी जॉयस्टिक घ्यावी आणि उरलेल्या पैशांत पुढे पायांचे पेडल घ्यावेत, कारण आडव्या वाऱ्यात धावपट्टीवर उतरताना डीए४० असो वा ७३७, पायांचा वापर अटळ आहे.