लंडनच्या जुन्या इनमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या सराईत, जेवायला जावं का? तिथे गावची माणसं येतात, की सगळे पर्यटकच?

तुम्ही साउथवर्कच्या 'द जॉर्ज'चं नाव घेतलंय, तर आधी तेवढं सांगून टाकतो. जरूर जा. १६७६ च्या आगीत साउथवर्क जळालं, त्यानंतर ही वास्तू पुन्हा उभी राहिली. घोड्यांच्या टपालगाड्यांच्या काळातली, लाकडी सज्जे असलेली अशी सराई लंडनमध्ये आता ही एकच. पूर्वी अंगणाला तीन बाजू होत्या. रेल्वे कंपनीने मालाच्या डेपोसाठी दोन पाडल्या, दक्षिणेची तेवढी ठेवली. १९३७ पासून ती नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेकडे आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा, अंगणात बसा. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची, वेटरची वाट बघत बसू नका. जेवण पबचंच असतं, सारण भरून भाजलेला 'पाय', फिश अँड चिप्स (तिकडे चिप्स म्हणजे बटाट्याचे जाड तळलेले काप) वगैरे. त्यासाठी कोणी विमानाने जात नाही.

'गावची माणसं येतात का' हा तुमचा प्रश्न मात्र माझ्या वर्मावर बसला.

२०११ मध्ये मी इंग्लंडच्या नैऋत्येला, सॉमरसेटमधल्या एका गावात अशाच एका इनच्या स्वयंपाकघरात होतो. नाव सांगत नाही. गाडी आत यावी म्हणून ठेवलेली उंच कमान होती, तिच्याखाली आता कचऱ्याचे डबे आणि गॅसच्या टाक्या. स्वयंपाकघर जुन्या तबेल्यात. फरशी एवढी उतरती की तव्यातलं तेल कायम एका कडेला जमायचं. नव्या मालकाने इमारतीवर खरंच जीव ओतला होता. भिंतींवरचं सिमेंट खरवडून परत चुन्याचा गिलावा केला, कारण सिमेंटने ओल आत कोंडते. धुराड्यासाठी भिंतीला एक भोक पाडायचं तर काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, परवानगीला सात महिने लागले. वारसा यादीतल्या इमारतीला असं भोक विनापरवाना पाडलं तर तिथे तो फौजदारी गुन्हा आहे.

मी हिंदुस्थानी म्हणून मालक म्हणाला, बुधवारी करी नाईट कर. आईने कराडहून पाठवलेला कांदा-लसूण मसाला घालून मी कोंबडीचा रस्सा केला. पहिल्या बुधवारी नऊ माणसं आली. महिनाभरात मागच्या खोलीत बसायला जागा नाही. शेतकरी, टपालवाली बाई, शाळेचा शिपाई. एक म्हातारबा रोज शेकोटीजवळच्या कोपऱ्यात अर्धा पाइंट सायडर (सफरचंदाची दारू) घेऊन बसायचे, पायाशी कुत्रा. त्यांनी रस्सा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हणाले, "नुसता भात कशाला देतोस? अर्धा भात, अर्ध्या चिप्स दे." मला आधी अपमान वाटला. मग कळलं की तिकडे तशी पद्धतच आहे. रश्श्यात बुडवलेल्या चिप्स मीही खाऊन बघितल्या. आता काय सांगू, घरी कोणाला सांगू नका, पण झकास लागतात.

मागे स्किटल्सची लांबलचक पट्टी होती. नऊ लाकडी खुंट्या, लाकडी चेंडूने पाडायच्या. त्या भागात पबांच्या लीग चालतात, आमच्या इनचीही टीम होती. सामन्याच्या रात्री मी तीस जणांचे सँडविच करायचो.

मग एका पेपरात इनबद्दल चांगलं छापून आलं आणि मालकाची नजर वर गेली. बुधवारची करी बंद, 'आपल्या प्रतिमेला शोभत नाही' म्हणून. डार्ट्सचा फळा उतरला. स्किटल्सच्या पट्टीवर फरशी घालून लग्नाचा हॉल झाला, टीम शेजारच्या गावातल्या क्लबात गेली. आणि एका शुक्रवारी शेकोटीजवळच्या कोपऱ्यावर 'राखीव'ची पाटी. म्हातारबांना तसं सांगायला मलाच पाठवलं. ते काही बोलले नाहीत. ग्लास अर्धाच होता, तसाच ठेवून उठले. कुत्रा मात्र लवकर उठेना.

उन्हाळा जोरात गेला. जानेवारीत मंगळवारी रात्री दोन टेबलं. गावातून कोण येणार? बुधवारी येणारी माणसंही आता दारावरून पुढे जात होती. मार्चमध्ये आम्हा तिघांना नारळ मिळाला.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: जिथे मालकाने गावाला बसू दिलं तिथे गाव येतं, बाकी ठिकाणी फोटो काढणारे येतात. ओळखायचं कसं? हिवाळ्यात जा, पावसाळी मंगळवारी. कोपऱ्यात कोणाचा कुत्रा झोपलेला दिसला तर खुशाल जेवा.

हे सगळं मी आमच्या मेहुण्याला शंभर वेळा सांगितलं. तो आर्किटेक्ट. वाईत एक जुना वाडा भाड्याने घेऊन तिथे रेस्टॉरंट काढतोय, पाचगणीला जाणारे पुण्या-मुंबईचे लोक थांबावेत म्हणून. त्याचं म्हणणं, "दाजी, इंग्रजांकडून शिका. वास्तू वाचली की सगळं वाचलं." आणि वर, "तुम्ही तिकडे कांदे चिरलेत, इमारतीतलं तुम्हाला काय कळणार?"

बरं, मग लंडनच्या कार्लटन टॅव्हर्नचं घ्या. २०१५ मध्ये मालकाने तो पब परवानगी नसताना पाडून टाकला. काउन्सिलने होता तसा पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ मध्ये तो उघडला. मेहुणा हे उदाहरण कायद्याचा विजय म्हणून देतो. अरे, पण शेजाऱ्यांना आधीच वास आला होता, म्हणून इमारतीच्या नोंदी काढून ठेवल्या गेल्या. पाडल्यावरही तेच मागे लागले. तिथे बसणारी माणसंच नसती तर आज त्या जागी फ्लॅट असते. २०११ च्या कायद्याने तिथल्या गावाला तसा हक्कही दिलाय. पबची नोंद 'समाजाची मालमत्ता' म्हणून करून घेतली, तर मालक विकायला निघाल्यावर गावाला पैसे गोळा करायला सहा महिने मिळतात. पण नोंदीचा अर्ज करायला कोणीतरी तिथे रोज बसणारा लागतो ना!

आता मालकाची बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. तिकडे नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य, आणि जुन्या वास्तूची दुरुस्ती केली तर वीस टक्के. छपराचं कर्ज त्याच्या डोक्यावर होतं. अर्ध्या पाइंटवर दोन तास बसणाऱ्याकडून ते फिटत नाही, हेही खरं. त्याचे हिशेब मी बघितलेले नाहीत. आणि मला नारळ मिळाला होता, त्यामुळे माझं मत जरा तिखट असणारच.

मेहुण्याच्या वाड्याला रस्त्याच्या बाजूने दगडी ओटा आहे. तिथे चार-पाच म्हातारी माणसं वर्षानुवर्षं संध्याकाळी पत्ते खेळायची. गेल्या महिन्यात त्याने ओट्यावर तुळशीच्या आणि कसल्या कसल्या कुंड्या ओळीने मांडल्या, म्हणे 'एन्ट्रन्स' दिसायला हवा. मी गेलो की दोन कुंड्या उचलून खाली ठेवतो आणि तिथे बसतो. परवा त्यातले एक आजोबा पत्त्यांचा कॅट घेऊन शेजारी येऊन बसले.