गाडीची दुखणी : जुन्या ऑक्टाव्हिया आरएसमधून ऑइल गळते

प्रश्न : माझ्याकडे 2005 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. इंजिन 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल असून गाडी एक लाख चाळीस हजार किलोमीटर चालली आहे. शहरात कामावर ये-जा केली तर पार्किंगमध्ये ऑइलचा एखादाच थेंब दिसतो. पण समृद्धी महामार्गावरून जरा जोरात जाऊन आलो, की दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या बरोबर खाली तळहाताएवढा डाग पडलेला असतो. एका गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन पाहिली आणि क्रँकचे मागचे सील (इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवती गिअरबॉक्सच्या बाजूला ऑइल अडवणारी रिंग) गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे सांगितले. दुसऱ्या मेकॅनिकचे म्हणणे असे, की नागपूरच्या उन्हाळ्यात पातळ ऑइल टिकत नाही, 20डब्ल्यू-50 ग्रेडचे जाड ऑइल भरा, गळती आपोआप थांबेल. यांपैकी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती ही, की गळती शहरात नगण्य असते आणि महामार्गावरून आल्यावर वाढते. मागचे सील नुसते झिजले असते, तर ते धरमपेठेच्या गर्दीतही गळले असते आणि समृद्धीवरही. थोडाफार फरक पडला असता, पण इतका नाही. गळती टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, कामाबरोबर वाढत असेल, तर आधी संशय घ्यावा तो इंजिनाच्या पोटात साठणाऱ्या दाबाचा. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की खाली सांगितलेल्या दोन तपासण्या झाल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

पिस्टन रिंगांच्या कडेने थोडा वायू खाली चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागाकडे, उतरतो. हे नव्या इंजिनातही घडते. हा वायू बाहेर काढण्यासाठी ब्रीदरची व्यवस्था असते. साध्या पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) बहुतेक वेळ ओढ असते, त्यामुळे हे काम सोपे होते. टर्बो इंजिनात मात्र ॲक्सिलरेटर दाबल्यावर त्याच मॅनिफोल्डमध्ये ओढीच्या जागी दाब तयार होतो. तो दाब उलटा चेंबरमध्ये शिरू नये, यासाठी ब्रीदरच्या पाइपात एकाच दिशेने उघडणारा एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. वीस वर्षांच्या उष्णतेने हा व्हॉल्व्ह घट्ट मिटेनासा झाला, की प्रत्येक वेळी वेग घेताना टर्बोची हवा थेट इंजिनाच्या पोटात जाते आणि ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलते. कुकरची शिट्टी अडकली, की वाफ झाकणाच्या रबरातून वाट काढते, तसाच हा प्रकार आहे. रबर बदलून उपयोग नसतो. अशा गाडीत नवे सील बसवले, तर तेही काही महिन्यांत गळू लागते आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी वाया जाते.

आपल्याकडे गॅरेजमध्ये एक सोपी परीक्षा करतात : इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करायचे आणि ते किंचित ओढले जाते की थडथड उडते ते पाहायचे. उडत असेल, तर दोष आहे हे नक्की. मात्र ते ओढले गेले म्हणून निर्धास्त होऊ नका. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये ओढच असते, त्यामुळे बिघडलेला व्हॉल्व्हही त्या वेळी निर्दोष भासतो. खरी परीक्षा व्हॉल्व्ह काढूनच करावी लागते. इंजिन गार झाल्यावर तो पाइपातून सोडवा, पुसून घ्या आणि दोन्ही बाजूंनी फुंकून पाहा. चेंबरकडच्या बाजूने हवा सहज गेली पाहिजे आणि मॅनिफोल्डकडच्या बाजूने अजिबात जाता कामा नये. थोडीशी जरी गेली, तरी तो बदलावा. गिअरबॉक्स उतरवण्याच्या खर्चापुढे ही किंमत किरकोळ आहे. त्याच वेळी मॅनिफोल्डखालून जाणारे ब्रीदरचे रबरी पाइप हाताने दाबून पाहा. निरोगी रबर दबते आणि परत फुगते. जुने एक तर काचेसारखे कडक झालेले असते किंवा ऑइल पिऊन लिबलिबीत झालेले असते, आणि खालच्या बाजूची चीर वरून दिसतच नाही.

आता डाग नेमका कुठून येतो ते पाहू. ऑइल उतारावरून खाली येते आणि गाडी चालू असताना समोरच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे थेंब जिथून पडतो ती जागा उगमापासून बरीच दूर असू शकते. आपल्या इंजिनात याचे एक ठरलेले उदाहरण आहे. या वीस व्हॉल्व्हच्या इंजिनात दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) एका लहान चेनने जोडलेले असून ती चेन ताणून धरणारा टेन्शनर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. त्याच्याखाली धातूचे एक पातळ गॅस्केट आणि अर्धचंद्राच्या आकाराचे एक रबरी सील असते. हे रबर कडक झाले, की तिथून पाझरणारे ऑइल हेडच्या कडेने उतरून बेल हाउसिंगवर (इंजिनाला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणावर) येते आणि तिथून खाली टपकते. लिफ्टवर गाडी घेऊन फक्त खालून पाहणाऱ्याला ते हुबेहूब मागच्या सीलची गळती वाटते. आपल्या गाडीची तपासणी केवळ खालून झालेली दिसते, म्हणून ही शंका मला अधिकच रास्त वाटते.

तपासणीची पद्धत अशी असावी. इंजिन गार असताना कॉइल आणि वायरिंगचे जोड प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकून हेडच्या कडा, ब्लॉकची मागची बाजू आणि बेल हाउसिंग डीग्रीझरने ब्रश मारून स्वच्छ करावे; पाण्याचा जोरदार फवारा टाळावा. सर्व वाळल्यावर संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. मग शिवमडक्याहून समृद्धीवर चढून नेहमीसारखी एक फेरी करावी, गाडी थंड होऊ द्यावी, आणि बोनेट उघडून बॅटरीच्या बाजूने टॉर्च व छोटा आरसा घेऊन हेडच्या टोकाखाली पाहावे. पांढऱ्या पावडरीत ओली तपकिरी रेघ उमटलेली दिसते आणि तिचे वरचे टोक हाच उगम असतो. बेल हाउसिंगचा वरचा भाग ओला असेल, तर ऑइल वरूनच आलेले आहे. वरचा भाग कोरडा असून फक्त तळाच्या सांधीतून थेंब येत असेल, तर मात्र मागच्या सीलचे निदान मान्य करावे लागेल. त्यातही एक खबरदारी घ्या : तो थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गंधकासारखा उग्र दर्प आला, तर ते गिअर ऑइल असून दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा आहे.

टेन्शनरचे गॅस्केट बदलायचे ठरल्यास काम या इंजिनाची माहिती असलेल्या माणसालाच द्यावे. टॅपेट कव्हर (हेडवरचे झाकण) उतरवून, टेन्शनर खास क्लॅम्पने दाबून धरून कॅमशाफ्ट सोडवावे लागतात, आणि परत बसवताना दोन्ही कॅमवरच्या खुणांमध्ये चेनचे बरोबर 16 रोलर यावे लागतात. हा हिशेब चुकला, तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकू शकतात. कॅमच्या कॅपचे आणि टॅपेट कव्हरचे बोल्ट फक्त 10 न्यूटन-मीटरला घट्ट करायचे असतात. ‘हाताला बरोबर समजते’ असे सांगणारे कारागीर मी आदराने ऐकून घेतो, पण ॲल्युमिनियमच्या हेडमधला आटा एकदा गेला, की हेड लेथवर न्यावे लागते. म्हणून या कामासाठी टॉर्क पान्याचाच आग्रह धरा. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांतल्या जोडांवर, थेंबभर लावावे. कडेने सढळ हाताने लावलेले सिलिकॉन आतही तेवढेच पिळले जाते, सुटून चेंबरमध्ये पडते आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसते. मग ऑइल कमी पडते आणि सर्वांत आधी टर्बोचे बेअरिंग जाते.

तपासणीअंती मागचेच सील दोषी ठरले, तर गिअरबॉक्स उतरल्यावर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही पाहून घ्यावे, कारण मजुरी एकदाच द्यावी लागते. टेफ्लॉनच्या ओठाचे सील कोरडेच बसवायचे असते. सवयीने त्याला ऑइल लावले, तर ते नीट बसत नाही.

आता 20डब्ल्यू-50 विषयी. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो हे खरे, पण थर्मोस्टॅट उघडल्यावर आपल्या इंजिनाचे तापमान नव्वद अंशांच्या आसपास राहते, आणि ऑइलच्या ग्रेडमधला दुसरा आकडा 100 अंशांच्या जाडीवरूनच ठरतो. 5डब्ल्यू-40, पूर्ण सिंथेटिक, डब्यावर व्हीडब्ल्यू 502.00 असा फोक्सवॅगनच्या मानकाचा उल्लेख असलेले ऑइल आपल्या गाडीला आणि आपल्या उन्हाळ्याला पुरेसे आहे. जाड ऑइलने थेंब काही दिवस मंदावतील, पण सकाळी इंजिन सुरू होताना ते टर्बोपर्यंत उशिरा पोहोचेल. बाजारात मिळणारी गळती थांबवणारी द्रव्येही टाळा. ती रबर फुगवतात, आणि उगम शोधणे आणखी अवघड होते.

दरम्यान गाडी वापरायला हरकत नाही. दर आठवड्याला डिपस्टिक पाहावी. मात्र बोनेटखालून धूर किंवा जळक्या ऑइलचा वास आला, तर त्याच जागी थांबावे. टर्बोखालून चेंबरकडे जाणाऱ्या ऑइलच्या पाइपाचे गॅस्केटही या वयात सुटते, आणि तिथले ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास आगीचा धोका असतो.

प्रश्न : माझ्या 2001 सालच्या होंडा सिटी व्हीटेकमधून जमिनीवर एकही थेंब पडत नाही, तरी सिग्नलला थांबल्यावर जळक्या ऑइलचा वास येतो आणि इंजिन अधूनमधून मिसिंग करते, म्हणजे धक्के देत अडखळते. हे दोन वेगळे दोष आहेत का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : बहुधा एकच. स्पार्क प्लगच्या वायर ओढून टॉर्चने खाली पाहा. प्लगभोवतीच्या नळीत ऑइल साचलेले असेल, तर टॅपेट कव्हरमधली नळ्यांची गोल सिले गेली आहेत आणि मिसिंगचे कारण तेच आहे. त्याच कव्हरचे मुख्य गॅस्केट पुढच्या बाजूने पाझरत असेल, तर ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून तिथेच जळते, म्हणून जमीन कोरडी राहते. गॅस्केट आणि नळ्यांची सिले एकत्रच बदला. प्लग काढण्याआधी नळीतले ऑइल कापडाने किंवा सिरिंजने शोषून घ्या, अन्यथा ते सरळ सिलिंडरमध्ये उतरेल. ऑइलमध्ये भिजून फुगलेल्या प्लग वायरही त्याच वेळी नव्या घ्याव्यात. एवढे केल्यावरही हेडच्या कडेला ओल राहिली, तर व्हीटेक सोलेनॉइडखालचे (हेडला बसवलेल्या, ऑइल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हखालचे) जाळीचे गॅस्केट आणि डिस्ट्रिब्यूटरची रबरी रिंग पाहा. या इंजिनात त्या दोन्ही जागा वयोमानाने पाझरतात, आणि दोन्ही कामे इंजिन न उतरवता होतात.