घरच्या सरकीची भरपाई कंपनी देईल का?

प्रश्न : मी कोल्हापुरात नोकरी करतो, परभणीकडची शेती धाकटा भाऊ बघतो. यंदा त्याने दोन एकरांत सीलबंद पाकिटातलं संकरित बीटी कापसाचं बियाणं लावलं आणि एका एकरात त्याच वाणाची गेल्या वर्षीची घरची सरकी टोकली. दोन्हीकडे उतारा घटला. सरकीच्या रानात तर झाडं उंच-बुटकी, बोंडं लहान-मोठी. दुकानदार म्हणतो, तक्रार केलीत तर सरकी वापरली म्हणून कंपनीच केस करेल.

उत्तर : दुकानदाराचं मनावर घेऊ नका. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 च्या कलम 39 नुसार शेतकरी आपल्या पिकाचं बी राखू शकतो, पेरू शकतो, विकूही शकतो. ब्रँडचं लेबल लावून मात्र विकता येत नाही.

पण सरकीचा तो एक एकर ग्राहक आयोगातल्या दाव्यातून वगळाच. उसाची कांडी लावली की तोच ऊस येतो, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. संकरित कापसाच्या सरकीचं तसं नाही. बोंडांची संख्या, बोंडाचं वजन, रुईचा उतारा हे गुण अनेक जनुकांवर चालतात आणि पुढच्या पिढीत विखुरतात. संकराचा जोम, म्हणजे दोन वाणांच्या मिलनातून येणारी जादा वाढ, साधारण निम्म्यावर येतो. बोंडअळी रोखणारं बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल, तर चारातल्या एका झाडात ते नसतंच. हा दोष कंपनीचा नव्हे. तो एकर दाव्यात घुसडलात, तर समोरचा वकील त्याच्याच आधारे उरलेले दोन एकरही संशयात ढकलेल.

त्या दोन एकरांत दम आहे, बियाणं सदोष होतं हे दाखवता आलं तर. शेतकरी हा ग्राहकच, आणि त्याने चाचणीसाठी बी राखून ठेवावं ही अपेक्षा धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या निकालात म्हटलं आहे. म्हणून उभं पीक हाच पुरावा. पऱ्हाटी उपटण्याआधी भावाला तालुका बियाणे तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्यायला सांगा. पंचनाम्यात दोन्ही रानं वेगळी दाखवून घ्या आणि घट बियाण्यामुळे, पावसामुळे की मर रोगामुळे, याचं स्पष्ट कारण लिहून घ्या. नुसतं ‘उत्पन्न कमी’ एवढ्यावर केस लंगडी पडते. बिल, रिकामं पाकीट, लॉट नंबरचा टॅग जपा.

बिल भावाच्या नावावर असेल, तर तक्रारदार तोच. मुदत दोन वर्षांची. बियाण्याची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. दावा परभणीच्या ग्राहक आयोगातच लावा, कारण पंचनामा करणारे अधिकारी साक्षीला तिथेच मिळतील.