मुंबईत माफ, आमच्याकडे जप्ती?

प्रश्न : मी ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या हद्दीत ४६० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये राहते. यजमान लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते, २०१६ मध्ये ते गेले. आमच्या महापालिकेच्या सभागृहाने २०१९ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा ठराव एकमताने केला. पेपरात आले, चौकात अभिनंदनाचे फलक लागले. २०२२ च्या जानेवारीत मुंबईतही माफी जाहीर झाली, तेव्हा सोसायटीतल्या बऱ्याच जणांनी कर भरणे थांबवले. मीही थांबवले. आता फेब्रुवारी २०२५ ची नोटीस आली आहे : २३,७६० रुपये भरा, नाहीतर जप्ती. ठरावाची प्रत, नोटीस आणि बिलाचा फोटो सोबत पाठवते. कोर्टात गेले तर हा कर रद्द होईल का?

उत्तर : ताई, कडू उत्तर आधी देतो. या ठरावाच्या जोरावर कर रद्द होणार नाही. कोर्टात गेलात तर पैसे आणि वर्षे दोन्ही जातील. पण तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या वाक्यात, जे तुम्ही ओळख म्हणून लिहिलेत, तुमच्या कामाची गोष्ट दडलेली आहे. तिच्याकडे येतोच.

आधी ठरावाची प्रत काढा आणि तिचा शेवटचा परिच्छेद वाचा. ‘सदर माफी शासनाच्या मान्यतेच्या अधीन राहून देण्यात यावी व प्रस्ताव शासनाकडे सादर करावा,’ असे तिथे लिहिले आहे. फलकावर हे वाक्य कुणी छापले नसणार. सभागृहाने माफी दिलेली नाही, माफीची शिफारस केली आहे. ती शिफारस मंत्रालयात गेली आणि मान्यता आलेली नाही. सरकार गप्प बसले म्हणजे सरकारने होकार दिला, असे कायद्यात कुठेही नाही.

तुम्ही विचाराल, आमच्या शहराचा कर, आमच्या नगरसेवकांनी माफ केला, त्यात मंत्रालयाचा संबंध काय? संबंध मुळातच आहे. राज्यघटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येत नाही. महापालिकांना कर लावण्याचा अधिकार कसा मिळतो, ते कलम २४३-भ सांगते : राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून दिला तर, आणि दिला तेवढाच. महापालिका ही कर लावणारी स्वतंत्र सत्ता नव्हे. तिला विधिमंडळाने एक वही आखून दिली आहे, त्या ओळींच्या आत तिने लिहायचे. तुमच्या शहरासाठी ही वही म्हणजे १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, जुन्या लोकांच्या तोंडी ‘बीपीएमसी ॲक्ट’. दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत पुढच्या वर्षाचे करदर ठरवायचे, हे या कायद्याने सभागृहावर सोपवले आहे. सर्वसाधारण कर, म्हणजे मालमत्ता कराच्या बिलातला एक भाग, कोणत्या इमारतींना लागणार नाही, हे मात्र कायद्याने स्वतःच कलम १३२ मध्ये सांगून टाकले आहे : केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तू वगैरे. ‘घर लहान आहे’ हे कारण त्या यादीत नाही, आणि यादीत भर घालण्याचा अधिकार सभागृहाला नाही.

मग मुंबईत कसे झाले? मुंबईची वही वेगळी. तिथे १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम चालतो. उरलेल्या २८ महापालिका १९४९ च्या कायद्याखाली आहेत. ५०० चौरस फुटांचे आश्वासन २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीतले. २०१९ मध्ये राज्याने १८८८ च्या कायद्यात दुरुस्ती केली, पण माफी मिळाली ती फक्त ‘सर्वसाधारण करा’ची. मालमत्ता कराच्या बिलात पाणीपट्टी, जललाभ, मलनिःसारण, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर अशा बऱ्याच ओळी असतात आणि सर्वसाधारण कर ही त्यातली एक. लोकांना वाटले बिलच गेले. बाकीच्या ओळींचे काय करायचे, यावर पुढची अडीच-तीन वर्षे गोंधळ चालला. पूर्ण माफी १ जानेवारी २०२२ पासून आली, तीही पुन्हा कायदा बदलूनच. मुंबईसारख्या श्रीमंत महापालिकेलासुद्धा स्वतःच्या ठरावावर हे जमले नाही, हे लक्षात घ्या. तुमच्या कायद्यात तशी दुरुस्ती झालेली नाही, म्हणून तुमच्या शहरात ती माफीही नाही.

तुमच्याच बिलाचा फोटो मोठा करून पाहा. सर्वसाधारण कराच्या खाली ‘राज्य शिक्षण कर’ अशी वेगळी ओळ आहे. हा पैसा महापालिकेचा नाहीच. राज्याच्या १९६२ च्या कायद्याखाली तो आकारला जातो आणि महापालिका फक्त वसूल करून राज्याच्या तिजोरीत भरते. म्हणजे क्षणभर धरून चालू की सभागृहाला आपला कर सोडण्याचा पूर्ण अधिकार होता, तरी ही ओळ सोडण्याचा अधिकार त्याला कुठून येणार? दुसऱ्याच्या खिशातले पैसे माफ करता येत नाहीत. एकमताने ठराव करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, असे मला वाटत नाही.

सभागृहाच्या उदारपणाचे पुढे काय होते, याचे मोठे उदाहरण पुण्याचे. स्वतः राहत असलेल्या घराला करपात्र मूल्यात (ज्या रकमेवर कर मोजतात तीत) ४० टक्के सवलत देण्याचा ठराव पुणे महापालिकेने १९७० मध्ये केला. देखभालीपोटी कायदा १० टक्के वजावट सांगतो, पुणे १५ टक्के देत होते. जवळपास पन्नास वर्षे हे चालले आणि पुणेकरांना तो हक्कच वाटू लागला. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, राज्य सरकारने २०१९ मध्ये ठराव विखंडित, म्हणजे रद्द, केला आणि लोकांना फरकाच्या रकमेचे संदेश यायला लागले. कायद्याशी विसंगत ठराव निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम ४५१ खाली सरकारला आहेच. बरीच ओरड झाल्यावर २०२३ मध्ये सरकारनेच सवलत पुन्हा चालू केली आणि मग ‘घरात मीच राहतो’ हे सिद्ध करायला पीटी-३ अर्ज घेऊन लोक रांगेत उभे राहिले. पन्नास वर्षे पाळलेल्या ठरावाची ही गत. तुमचा ठराव तर एक दिवसही अमलात आलेला नाही.

सरकार मान्यता का देत नाही, याचे कारण मला कुणी सांगितलेले नाही, पण हिशेब समोर आहे. एके काळी महापालिका जकातीवर जगत. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतील उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला, सोबत मुंबईची जकातही गेली. त्याबदल्यात राज्याने भरपाईचा कायदा केला : २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरायचे, दरवर्षी ८ टक्के वाढ द्यायची, रक्कम दरमहा द्यायची. म्हणजे महापालिकेच्या अंदाजपत्रकातली जमेची मोठी बाजू आता मंत्रालयातून येणाऱ्या हप्त्याची आहे. स्वतः बिल फाडून वसूल करायचा मोठा कर उरला तो मालमत्ता कर. आणि भरपाईचा कायदा जकात-एलबीटीच्या नुकसानीपुरता आहे. लहान घरांना माफी दिली म्हणून त्या कायद्याखाली कुणी एक रुपया देणार नाही. मुंबईच्या माफीत सुमारे १६ लाख घरे बसली आणि वर्षाला सुमारे ४६२ कोटींचा फटका सांगितला गेला. मुंबईकडे हजारो कोटींच्या ठेवी आहेत. तुमच्या महापालिकेत निम्म्याहून अधिक घरे ५०० फुटांच्या आतली निघाली, तर पगार झाल्यावर गटारे उपसायला काय उरेल, हा प्रश्न मंत्रालयातल्या कुणीतरी फाइलवर लिहिला असेल. माझ्या मते तो प्रश्न रास्त आहे. रास्त नाही ते एवढेच की, पैसे महापालिकेचे जाणार हे माहीत असताना टाळ्या मात्र दुसऱ्यांनी घेतल्या.

आता कोर्टाचे. बिलाविरुद्ध कलम ४०६ खाली दिवाणी न्यायाधीशांकडे अपील करता येते, पण १५ दिवसांच्या आत, आणि वादातली रक्कम आधी महापालिकेत भरून. तुमची बिले २०२२ पासूनची, मुदती केव्हाच उलटल्या. ‘दिलेले वचन मोडता येत नाही’ हे तत्त्व सरकारविरुद्धही चालते हे खरे, पण कायद्याच्या विरुद्ध वचनाला ते लागू होत नाही. कायद्याने दिलेलाच नाही असा अधिकार वचनातून उगवत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येईल का? दार सगळ्यांना उघडे आहे. पण २३,७६० रुपयांसाठी रिट करायला सांगणारा वकील भेटला तर त्याची फी आधी विचारा.

नोटिशीतला हिशेब मी तपासला. दरसाल ६,००० प्रमाणे तीन वर्षांचे १८,०००. उरलेले ५,७६० शास्तीचे, म्हणजे उशिराच्या दंडाचे. शास्ती महिना २ टक्के, म्हणजे ३,००० च्या सहामाही बिलाला महिन्याला ६० रुपये. सहा बिलांचे थकलेले महिने नोटिशीत ३१, २५, १९, १३, ७ आणि १ असे दिले आहेत. बेरीज ९६, गुणिले ६०. चूक नाही. वर्षाला २४ टक्के पडतात, ताई. बँकेतल्या तुमच्या ठेवीला याच्या तिसरा हिस्साही मिळत नसेल. म्हणून थांबू नका, ३१ मार्चच्या आत भरा. तुमच्याकडे अभय योजना चालू आहे का, हे प्रभाग कार्यालयात विचारा. असेल तर शास्तीचा काही भाग सुटतो. राष्ट्रीय लोकअदालतीतही कराची प्रकरणे ठेवतात, तिथेही शास्तीवर बोलता येते. पण ‘योजना येईल’ या आशेवर मूळ रक्कम अडवून धरू नका. मालमत्ता कराचा बोजा कलम १४१ नुसार त्या घरावरच बसतो. जमीन महसूल सोडला तर सगळ्यांच्या आधी. उद्या मुलाने फ्लॅट विकायचे ठरवले तरी थकबाकी कागदावर पुढे येऊन उभी राहणार. भरताना ‘हक्क राखून भरत आहे’ असे पत्र जोडा. ठराव कधी मंजूर झालाच आणि मागच्या तारखेपासून लागू झाला, तर ते पत्र उपयोगी पडेल. तशी शक्यता मला फार दिसत नाही, पण एका कागदाने काही बिघडत नाही.

आणि आता ते दुसरे वाक्य. तुमचे यजमान माजी सैनिक होते, तुम्ही त्यांच्या पत्नी. राज्य सरकारने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका निवासी मालमत्तेवर मालमत्ता करात सवलत दिली, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने असलेली माजी सैनिक सन्मान योजना ती हीच. या सवलतीमागे मंत्रालयाचा कागद आहे, आणि तुमच्या ठरावामागे नेमका तोच नव्हता. तुम्ही तीन वर्षे ज्या माफीसाठी कर अडवला ती अस्तित्वात नव्हती, आणि जी होती तिचा अर्ज केला नाही. दोष देत नाही. कर विभागातल्या खिडकीवरून ही माहिती आपणहून कुणी देताना मीही पाहिलेले नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, यजमानांचे सेवापुस्तक, पेन्शनचा आदेश आणि मृत्यूचा दाखला घेऊन. तिथून पात्रतेचे प्रमाणपत्र मिळवा. दुसरे घर नाही, याचे स्वयंघोषणापत्र तयार ठेवा. एक अडचण बिलाच्या फोटोतच दिसते : त्यावर अजून यजमानांचे नाव आहे. सोसायटीच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) तुमचे नाव लागले असेल तर त्याची प्रत जोडून करनोंदीत नाव बदलण्याचा अर्ज द्या, नाहीतर सवलतीचा अर्ज ‘मालक दुसरेच आहेत’ म्हणून परत येईल. सोसायटीतही नाव बदललेले नसेल तर तिथूनच सुरुवात करा. मुलगा-मुलगी असतील तर त्यांची ना-हरकत लागेल. बिलातल्या कोणत्या ओळींना सवलत लागू आहे, हे अर्जातच लेखी विचारा. राज्य शिक्षण कराची ओळ बहुधा राहीलच असे धरून चाला. मागच्या तीन वर्षांसाठीही सवलत मागा. मिळेलच असे मी म्हणत नाही, पण अर्जात मागितलेच नाही तर नाकारायलाही कुणाला काही नाही.

नगरसेवकाला धरून काम होईल यावर विसंबू नका : २०२५ च्या सुरुवातीला बहुतेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते. प्रशासक बसले होते आणि अंदाजपत्रकही तेच मंजूर करत होते. तुमचा अर्ज आयुक्तांच्या नावे लिहा आणि प्रभागाच्या कर विभागात द्या. मार्चमध्ये बऱ्याच ठिकाणी शनिवारीही भरणा केंद्र उघडे असते, पण आवक-जावक बंद असते, म्हणून कामाच्या दिवशी जा. दोन्ही अर्ज दोन-दोन प्रतींत न्या आणि तुमच्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.