कोलॅब शूटला लाइट सांभाळायला जातोयस, मग हे बघ

आदल्या रात्रीच त्या फोटोग्राफरला फोन करून विचार ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसवून फ्लॅश लाइट उडवणारं यंत्र) कुठला आहे, कारण गोडॉक्स कंपनीचा ट्रिगर प्रोफोटो कंपनीच्या लाइटला चालत नाही आणि हे सेटवर कळलं की मेकअप करून बसलेली मॉडेल, स्टायलिस्ट सगळे ताटकळतात, कोलॅबमध्ये कोणालाच पैसे नसतात रे, सगळे आपला वेळ देऊन आलेले असतात.

बाहेर शूट असेल तर सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करायला लाइटवर लावलेली कापडी पेटी, वाऱ्यात शिडासारखा फुगतो. लाइट ज्या बाजूला झुकलाय त्याच बाजूच्या पायावर सँडबॅग टाक, तरी एक हात स्टँडवर पाहिजेच, मोबाइल खिशात.

मॉडेल सरकली की तूही सरक. लाइट १ मीटरवरून २ मीटरवर गेला की उजेड निम्मा नाही, जवळपास चौथाई होतो, म्हणजे २ स्टॉप गेले (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा)! पॉवर बदललीस की मोठ्याने सांग. फोटोत काळी पट्टी यायला लागली तर शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात जास्त शटर स्पीडच्या, वर गेलंय, बऱ्याच कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० सेकंद असतो, पण हे फोटोग्राफरला बाजूला घेऊन सांग, सगळ्यांसमोर नको. मॉडेलला पोझ तर अजिबात सुचवू नकोस, ती गोंधळते. लाइटबद्दल तुझं काही वेगळं मत असेल तर ब्रेकमध्ये बोल, चांगला फोटोग्राफर नक्की ऐकतो.