घरी फीडिंग पंप आणि केमोचा पंप दोन्ही असताना रोजचं कसं निभावायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. अन्ननलिका आणि जठर जुळतात तिथे वडिलांना गाठ आहे, आतड्यात नळी बसवली आहे, आठवड्याभरात फीडिंग पंप, म्हणजे नळीतून पातळ अन्न (फीड) सोडणारं यंत्र, देऊन घरी सोडणार आहेत. वर दर दोन आठवड्यांनी केमोची बाटली, म्हणजेच केमोचा पंप, अंगावर घेऊन घरी यायचं. घरात तुम्ही, आई आणि दिवसातून दोनदा जाणारी लाईट. जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

जमतं. मी कराडचा, धंद्याने शिंपी. हेच दुखणं आणि हेच दोन पंप घेऊन मी दुकानात मशीनवर बसत होतो. औषधाचं प्रमाण नि फीडचा वेग हा तुमच्या डॉक्टरांचा नि डाएटिशियनचा प्रांत. मी सांगतोय ते घरातलं.

बाकी काही विसरलात तरी एक गोष्ट विसरू नका. वडिलांच्या अंगावर काही दिवस एकाच वेळी दोन नळ्या असणार. एक पोटावरून आतड्यात जाते, तिच्यातून अन्न. दुसरी छातीवर कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीतून, म्हणजे पोर्टमधून, सरळ रक्तात जाते, तिच्यातून औषध. रक्ताच्या नळीत अन्न गेलं तर माणूस हाताशी लागत नाही. म्हणूनच २०१६ च्या सुमारास पोटाच्या नळ्यांसाठी एनफिट नावाचं वेगळं तोंड ठरवलं गेलं, ते सलाईनच्या नळीला बसतच नाही. पण आपल्याकडे जुन्या तोंडाचे सेटही (फीडची पिशवी नि तिची नळी) मिळतात, त्यामुळे नळीच्या तोंडावर भरवसा ठेवू नका. आमच्याकडे फीडच्या नळीला जांभळी फीत आणि पोर्टच्या नळीला लाल फीत बांधलेली असायची. दुकानात फितींना तोटा नव्हताच. शिवाय फीडचा पंप कायम डाव्या अंगाला, केमोची बाटली उजव्या अंगाला. काहीही जोडायच्या आधी नळी बोटांत धरून ती अंगात शिरते तिथपर्यंत हात फिरवत न्यायचा, मग जोडायचं. रात्री झोपमोड झाली तरी दिवा लावूनच.

आता फीडिंग पंप. जठरात अन्न साठतं, लहान आतड्यात तशी साठवण नसते. तिथे सिरिंजने भसकन ओतलं की पोटात कळ येते, घाम फुटतो, जुलाब लागतात. म्हणून थेंब थेंब, आणि म्हणून पंप. सुरुवात ताशी २०-३० मिलीने करतात आणि सोसेल तसा वेग वाढवतात. बरेच दिवस पोटात काही नसलेल्या माणसाला तर मुद्दामच हळू चढवतात, कारण एकदम अन्न मिळालं की रक्तातले क्षार कोसळू शकतात. तेव्हा ‘बाबा बारीक झालेत, जरा वेग वाढवू’ हा मोह आवरा. माझा वेग शेवटी ८० वर स्थिरावला. दिवसाचे १२०० मिली म्हणजे पंधरा तास झाले. कामाच्या वेळात थोडं, बाकी संध्याकाळपासून रात्रभर.

पावडर कालवून फीड करणार असाल तर उकळून गार केलेलं पाणी घ्या आणि पिशवीत चार तासांत संपेल एवढंच भरा. ८० चा वेग असेल तर ३२० मिली. आपल्या एप्रिलच्या उकाड्यात त्याहून जास्त वेळ टांगून ठेवलेलं आतड्यात सोडायचं नसतं. तिथे जठराचं आम्ल नाही, जंतू मरायला वावच नाही. यामुळे रात्री उठावं लागतं. परवडत असेल तर तयार, सीलबंद बाटल्या फक्त रात्रीपुरत्या घ्या, त्या जास्त वेळ टांगता येतात आणि घरातल्या बाईला झोप मिळते. हा खर्च मला वावगा वाटला नाही. सेट मात्र २४ तासांनी बदलायचा. धुऊन आठवडाभर वापरणारे मी पाहिलेत, ते करू नका.

पंप कोकलला की घर धावतं, पहिले काही दिवस तर शेजारीसुद्धा. बॉबिनमध्ये दोरा गुंतला की मशीन अडते, तसाच हा प्रकार आहे: बहुतेक वेळा नळी कुठेतरी मुडपलेली असते, कुशीखाली, नाहीतर चाप बंदच राहिलेला असतो. पंपापासून अंगापर्यंत बघत जा, सापडतं. हवेचा अलार्म झाला तर पिशवी संपली का, किंवा फेस झालाय का ते बघा. पावडर घुसळून घुसळून कालवली की फेस होतो. चमच्याने हळू ढवळा आणि दहा मिनिटं राहू द्या. मुडप नाही, चापही उघडा आहे आणि तरी अडतंय, तेव्हा समजा की नळी तुंबतेय.

नळी तुंबली की सगळा डोलारा थांबतो, म्हणून तुंबूच द्यायची नाही. दर चार तासांनी, फीडच्या आधी-नंतर आणि प्रत्येक औषधाच्या आधी-नंतर ३० मिली कोमट पाणी. सिरिंज ५० मिलीची घ्या. छोटी सिरिंज जोराने दाबली तर नळी फाटते. तुंबलीच तर कोमट पाणी घेऊन हलकं आत-बाहेर, आत-बाहेर, धीराने. तार घालायची नाही, कोल्ड्रिंक ओतायचं नाही. गोळ्या कुटण्याआधी प्रत्येक गोळीचं नाव फार्मसिस्टला विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या आणि वरून लेप दिलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. आणि बघायला येणारी माणसं ‘जरा पेज गाळून घाला, ताक घाला, पायाचं सूप घाला’ म्हणतील. प्रेमाने म्हणतील. हो हो म्हणा आणि घालू नका. आतड्यातली नळी बारीक असते.

केमोची बाटली हा अगदी वेगळा प्राणी. तिला बॅटरी नाही, आकडे नाहीत, अलार्म नाही. आत एक फुगा औषधाने भरलेला असतो, तो आपणहून आकसतो आणि औषध पुढे ढकलतो. वडिलांना बहुधा २४ तासांची किंवा ४६ तासांची बाटली देतील, औषधांच्या मेळावर ते ठरतं. वेग ठरवणारा बारीकसा तुकडा नळीवर असतो, तो चिकटपट्टीने कातडीला लावतात, कारण तो अंगाच्या उबेवर बेतलेला असतो. उब वाढली की औषध जास्त वेगाने जातं, थंडीत रेंगाळतं. म्हणून बाटलीच्या दिवशी मी इस्त्रीला हात लावत नव्हतो, ते काम पोराकडे. अंगावर दोन गोधड्या नकोत, चुलीजवळ बसणं नको, कढत पाण्याची अंघोळ नको. ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायचं. बाटली कमरेच्या पट्ट्यात, पोर्टच्या फार खाली किंवा वर नको. फुगा किती आकसला हे नजरेला कळत नाही, म्हणून दर सहा तासांनी त्याच उजेडात फोनवर फोटो काढायचा नि आधीच्या फोटोशी ताडून बघायचा. तास-दोन तासांचा फरक पडू शकतो, तो किती चालतो हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच वदवून घ्या. वेळेच्या खूप आधी रिकामी झाली तर वडिलांना बरं वाटत असलं तरी तेव्हाच, मध्यरात्र असली तरी, दवाखान्यात फोन. औषध गळलं तर चाप बंद, हातमोजे, टिपून घ्या, कातडीला लागलं असेल तर साबण-पाण्याने भरपूर धुवा. बाटली निघाल्यावरही दोन दिवस लघवी-उलटीतून औषध जातं. फ्लश झाकण लावून दोनदा, त्यांचे कपडे वेगळे, आणि आईला सांगा की हातमोजे घालणं म्हणजे नवऱ्याची किळस नव्हे.

केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर दोन्ही पंप एका जागी येऊन भिडतात: फ्रिजपाशी. उघडलेली फीडची बाटली फ्रिजमध्ये असते, आणि या औषधानंतर काही दिवस गार वस्तूला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात, करंट लागल्यासारख्या. मला तर कात्रीची लोखंडी मूठ धरवेना, शेवटी मुठीला चिंध्या गुंडाळल्या. वडिलांना फ्रिज उघडू देऊ नका, फीड आधीच बाहेर काढून ठेवा आणि नळीत सोडायचं पाणी कोमटच ठेवा.

कपड्यांबद्दल कुणी सांगत नाही आणि खरा त्रास तिथेच होतो. नाडीची पायजमी नळीच्या जागेवर काचते. पायजमीचा नेफा दोन बोटं वर घ्या, नाडीऐवजी रुंद, ढिलं इलॅस्टिक घाला. सदऱ्याच्या डाव्या शिवणीत, बरगडीच्या खाली, टीप उसवून चार बोटांची फट ठेवा, तिच्या कडा आत दुमडून शिवून टाका, नळी तिथून बाहेर काढा. सदरा वर ओढून पोट उघडं टाकायची वेळच येत नाही, आणि पाव्हण्यांसमोर बसलेल्या माणसाला ते फार मोठं असतं. छातीला पुढून उघडणारी बंडी शिवून घ्या, म्हणजे सिस्टरला पोर्ट सापडतो नि वडिलांना सगळं काढावं लागत नाही. पंपाची कंपनीची पिशवी पाठीवर घ्यायची असते, त्यात वडीलधाऱ्यांना शाळकरी पोर झाल्यासारखं वाटतं. मी शबनमसारखी आडव्या पट्ट्याची शिवली, आत दोन कप्पे, एक पंपाला आणि एक फीडला, मध्ये अस्तर. पट्टा रुंद पाहिजे, भरल्यावर वजन खांद्यात रुततं. नळी अंगाजवळ एकदा चिकटपट्टीने आणि एकदा कपड्याला पिनेने अडकवा, म्हणजे हिसका बसला तर तो पिनेला बसेल, पोटावरच्या टाक्यांना नाही.

लाईटची काळजी तुम्हाला वाटते त्याहून कमी करा. केमोच्या फुग्याला वीज लागतच नाही आणि हातात वागवायच्या पंपाला बॅटरी असते. लाईट आली की चार्जिंगला लावायचं, एवढी सवय पुरे. पंप भाड्याने घेणार असाल तर मात्र दुकानातच बॅटरीवर चालू करून किती वेळ टिकते ते बघा, जुन्या पंपांच्या बॅटऱ्या थकलेल्या असतात.

फीड चालू असताना नि नंतर अर्धा-पाऊण तास उशाकडची बाजू उंच ठेवा. आम्ही पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या होत्या. अंग पहाटेपर्यंत खाली घसरतं, त्याला इलाज नाही. तोंडाने खात नसले तरी दात घासायला लावा, तोंड आधी खराब होतं. आणि त्यांच्यापासून लपून जेवू नका. आमच्याकडे सुरुवातीला सगळे स्वयंपाकघरात दार लोटून जेवायचे आणि मला बाहेर चकोल्यांच्या फोडणीचा वास यायचा. मीच सांगितलं, माझ्यासमोर बसा, पंप माझा आणि ताट तुमचं. प्रत्येकाला हे चालेल असं नाही, वडिलांना विचारा.

वडिलांनाच विचारा हे मी पंपाबद्दलही म्हणेन. तुमच्या प्रश्नात सगळीकडे ‘आम्ही कसं करायचं’ असं आहे. त्यांचा हात, त्यांची नजर ठीक आहे ना? मग चालू-बंद करणं, वेग बघणं, पाणी सोडणं त्यांना शिकवायला सांगा, दवाखान्यातून निघायच्या आधी, सिस्टरसमोर, त्यांच्या हाताने. मुलीने रात्री तीनला उठून बापाचा पंप बंद करणं बापाला फार लागतं. आपला अलार्म आपण बंद केला की मशीन आपली होते.

डिस्चार्जच्या आधी अजून काही गोष्टी ठरवून घ्या. केमोची बाटली संपल्यावर पोर्टची सुई कोण काढणार? दर वेळी एवढ्यासाठी केमोच्या दवाखान्यात जायचं, की गावातल्या एखाद्या हॉस्पिटलची शिकलेली सिस्टर काढेल? आधी विचारून, नाव-नंबर लिहून घ्या. पोटावर नळी शिरते तिथे तिच्यावर पेनने खूण करा आणि रोज बघा, खूण सरकली तर फीड चालू करायचं नाही. नळी बाहेरच आली तर वरून स्वच्छ गॉज लावून निघा, सकाळची वाट बघू नका, कारण ती वाट काही तासांत बुजायला लागते. केमोच्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना, घरात गोळी देऊन वाट बघणं नाही.

आणि पंप घेण्याआधी त्याच पंपाचे सेट तुमच्या तालुक्यात मिळतात का ते बघा. एका कंपनीचा सेट दुसऱ्या पंपात बसत नाही, आणि रोज एक सेट लागतो. पंपाचं नाव नि मॉडेल इथे लिहिलंत तर कराड-सातारा भागात त्याचे सेट मिळतात का ते मी विचारून सांगतो. सदऱ्याची मापं पाठवलीत तरी चालतील.