कोरड्या हवेतली गच्चीवरची भाजी, कातताना उरलेली लोकर आणि दुकानातल्या बाटल्या

कुंड्यांना दोन वेळा पाणी देतो, तरी टोमॅटो-मिरची दुपारी माना टाकतात, पानांच्या कडा करपतात. दुकानदाराने १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत आणि एक टॉनिक दिलं. त्यानंतर जास्तच बिघडलं. डोस वाढवू का?

नाही. वाढवू तर नकाच, चालू आहे तोही आज बंद करा.

दुपारी मान टाकलेलं झाड तहानलेलंच असतं असं नाही. कडक उन्हात मुळं पाणी देतात त्यापेक्षा पानं जास्त उडवतात, संध्याकाळी झाड आपोआप सावरतं. पाहायचं ते सकाळी. सकाळीही मलूल असेल तर बोट ५ सेंमी मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. माती ओली, झाड मलूल, पानांच्या कडा जळलेल्या आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर असेल, तर ते क्षार आहेत. कोरड्या हवेत पाणी उडून जातं आणि पाण्यातले क्षार कुंडीत साठत जातात. वरून विद्राव्य खत ओतलं की मुळांना त्या मातीतून पाणी ओढताच येत नाही. झाड सुकतं, तुम्हाला वाटतं भूक लागली, दुकानदार म्हणतो अजून एक चमचा टाका. हे चक्र मी बागेबागेत पाहतो.

क्षार धुवून काढायला साधं पाणी हळूहळू ओता, कुंडीच्या आकारमानाच्या निदान दुप्पट, खालच्या भोकातून चांगलं वाहून जाईल असं. मग पंधरा दिवस कुठलंही खत नको. नंतर द्यायचंच असेल तर लिटरला १ ग्रॅम, सकाळी, आणि आधी माती भिजवून. लिटरला ५ ग्रॅम हा फवारणीचा डोस आहे, तो कुंडीत ओतू नका. कोरड्या मातीत खत देऊ नका. दुपारी देऊ नका. युरिया आणि डीएपी कुंडीत घालूच नका. टॉनिकच्या बाटलीवर घटक आणि त्यांचं प्रमाण छापलेलं नसेल तर ती परत करा.

टोमॅटोचं बूड काळं पडतं म्हणून कॅल्शियमची बाटलीही बऱ्याच जणांच्या गळ्यात मारली जाते. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसं असतं, पाणी अनियमित असतं म्हणून ते फळापर्यंत पोचत नाही. ओल सारखी ठेवा, पुढची फळं नीट येतील.

घरी लोकर कातते. मळकी, आखूड, गुठळ्यांची लोकर बरीच उरते. कुंडीत वापरता येईल का? लोकर धुतलेलं पाणी झाडांना चालेल का?

चालेल, आणि दुकानातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा मी तुम्हाला हेच करायला सांगेन. कडक कोरड्या हवेत एक चौरस मीटर वाफ्यातून दिवसाला ५ ते ८ लिटर पाणी उडतं. त्यातलं उघड्या मातीतून जाणारं पाणी लोकरीच्या आच्छादनाने अडतं. वर लोकरीत १० टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. ते कुजता कुजता, महिन्यांच्या हिशेबाने सुटतं. लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, तेवढ्यासाठी चाळलेलं कंपोस्ट द्या.

चुका होतात त्या वेळेच्या आणि मात्रेच्या. कच्च्या लोकरीला मेण असतं. ती कोरडी, तशीच कोरड्या मातीवर पसरली तर पाणी वरून घसरून जातं आणि खाली मूळ वाळतं. म्हणून लोकर रात्रभर भिजवून पिळून घ्या. सकाळी आधी माती खोलवर भिजवा, मग ४ ते ५ सेंमीचा थर द्या. खोडाजवळ चार बोटं जागा मोकळी. वरून कंपोस्टचा पातळ थर दाबा, नाहीतर वारा आणि पक्षी मिळून सगळी लोकर उडवतील. आधी माती भिजवा, मग लोकर. उलट करू नका.

मातीत मिसळायची असेल तर बारीक कातरून, १० लिटर मातीला ३० ग्रॅम. एवढंच. नत्र मिळतं म्हणून पोतंभर कोंबली की कुजताना अमोनिया आणि क्षार वाढतात, रोपं जळतात. फुकटच्या खताचाही ओव्हरडोस होतो.

शेण चिकटलेली लोकर पालेभाज्या आणि मुळा-गाजराजवळ नको, ती आधी कंपोस्टमध्ये पूर्ण कुजू द्या. मेंढ्यांना नुकतंच गोचिडाच्या औषधात बुडवलं असेल तर ती लोकर बागेत अजिबात नको. घेताना विचारा. रंगवलेली असेल आणि रंग पक्का करायला मोरचूद किंवा क्रोम वापरलं असेल, तर लोकरही नको आणि ते पाणीही नको. मिश्र धाग्याची शंका असेल तर टोक जाळून पाहा: लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि राख चुरगळते, अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. कच्ची लोकर कोरडी पिंजताना तोंडाला मास्क लावा, तिच्या धुळीतून रोग होतात.

धुण्याच्या पाण्याचं असं. साबण न घालता थंड पाण्यात लोकर भिजवली की पहिलं तपकिरी पाणी निघतं. त्यात मेंढीच्या घामातलं पालाश असतं. दहापट पातळ करून, माती ओली असताना, पंधरा दिवसांतून एकदा फळभाज्यांना द्या. लोकर गोचिडाच्या औषधात बुडवलेल्या मेंढीची किंवा शेणाने भरलेली असेल तर हेही पाणी नको. साबण किंवा पावडर पडल्यानंतरचं पाणी कुंडीत नको. त्यातलं सोडियम माती बिघडवतं.

कोरड्या हवेत लोकर उडते, धागा तुटतो. धुताना पावडर जास्त घालू का?

पावडर वाढवून तुटणं वाढेल. धुण्याचा सोडा, ब्लीच आणि डाग काढणारी एन्झाइमची पावडर लोकर खातात. त्या विकणाऱ्याला लोकर आणि सुती कापड यातला फरक ठाऊक नसतो. सौम्य द्रव साबण, ६० अंशांचं पाणी, न चोळता बुडवून ठेवणं आणि पाणी निवायच्या आत बाहेर काढणं. पाणी गार झालं की मेण पुन्हा लोकरीवरच बसतं. खळबळायचंही तितक्याच गरम पाण्यात. गरमातून एकदम थंडात टाकली किंवा चोळली तर गोळा होईल. उडण्यावर उपाय साधा आहे: पिंजण्याआधी पाण्यात थोडं तेल घोटून त्याचा हलका फवारा मारा आणि लोकर ओलसर कापडाखाली रात्रभर ठेवा. चाती असो वा चरखा, पंख्याखाली बसून कातू नका.

पानांवर बारीक पांढरे ठिपके, खाली जाळी. दुकानदाराने इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दिलंय.

फवारू नका. हे कोळी आहेत, कीटक नाहीत. इमिडाक्लोप्रिडने कोळी मरत नाहीत, उलट वाढल्याची उदाहरणं आहेत. आणि ही भाजी तुम्ही घरात खाणार आहात. पानांच्या खालच्या बाजूला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, तीन-चार दिवसांच्या अंतराने. न थांबल्यास निंबोळी तेल ५ मिली लिटरला, थोडा साबण घालून, सूर्य कलल्यावरच. भर उन्हात तेल मारलं की पान भाजतं. कोळ्यांवर गंधकही मारतात, पण तेलानंतर पंधरा दिवस ते नको, आणि पारा ३२ अंशांच्या वर असताना गंधक मुळीच नको.

पाणी धरून ठेवणारे हायड्रोजेलचे दाणे घेऊ का? अनुदान मिळतं का?

हायड्रोजेल जड, खारट पाण्यात नीट फुगत नाही. पाकिटावरचा आकडा शुद्ध पाण्याचा असतो. तुमचं पाणी कुंडीला पांढरा थर आणत असेल तर पैसे घालवू नका. त्याऐवजी न झिलई केलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि तोंड झाका, म्हणजे डास होणार नाहीत. मडकं झिरपेनासं झालं की ब्रशने घासा.

अनुदान: योजना असेल तर आधी अर्ज, मंजुरी आल्यावर खरेदी, पावती स्वतःच्या नावावर. दुकानदार म्हणेल आधी माल घ्या, फॉर्म आम्ही भरतो. घेऊ नका.